माहिती देण्यास नकार

"पण किल्ली कोणाकडे असणार?" सिस्टरनी तिसऱ्यांदा विचारलं.

आरोग्य खात्याचे साहेब सिस्टरच्या खुर्चीत बसले होते आणि सिस्टर समोरच्या स्टुलावर, जिथे एरवी रुग्ण बसायचे. सिस्टरचा फोन साहेबांच्या हातात होता. त्यावर खात्याचं नवं ॲप उतरत होतं. रुग्णालयातलं नेट नेहमीप्रमाणे रडतखडत चाललं होतं, म्हणून साहेबांना थांबणं भाग होतं आणि थांबायचं म्हणून ते उत्तरं देत होते.

"खात्याकडे," ते म्हणाले.

"खात्यात म्हणजे कोणाकडे?"

"विश्वासू माणसांकडे. तुम्ही कशाला काळजी करताय? संदेश कुलूपबंदच राहणार आहेत. फक्त गरज पडली तर उघडता येतील. आता तुम्ही जे वापरता ना, त्यात पाठवणारा आणि वाचणारा सोडला तर तिसऱ्याला काही दिसतच नाही. कंपनीला नाही, सरकारला नाही. हे बरं आहे का?"

सिस्टरना ते फारच बरं वाटत होतं. पण परिपत्रक वरून आलं होतं. पहिल्या तारखेपासून रुग्णांशी जे काही बोलणं व्हायचं ते याच ॲपवर, नाहीतर शिस्तभंगाची कारवाई. साहेबांनी फोन परत दिला, सही घेतली आणि पाणीही न पिता ते पुढच्या विभागात गेले. त्यांना संध्याकाळपर्यंत असे अकरा फोन उरकायचे होते.

सिस्टरची ती खोली रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, एक्स-रे विभाग आणि धुलाईघर यांच्या मधे होती. एचआयव्हीच्या गोळ्या तिथे मिळत. दारावर पाटी नव्हती. पाटी लागू नये म्हणून सिस्टर दोन अधीक्षकांशी भांडल्या होत्या आणि दोघांनाही पुरून उरल्या होत्या. पाटी असती तर निम्मे रुग्ण त्या दारातून आत आलेच नसते. सत्तावीस वर्षांच्या नोकरीतली मागची चौदा वर्षं त्यांनी याच खोलीत काढली होती. लोकांना वाटायचं, गोळ्या देणं हे काम. गोळ्या काय, कपाटसुद्धा देईल. माणूस रोज ती गोळी घेतो की नाही, हे खरं काम. आणि रोज गोळी घेणारा माणूस कधीतरी घाबरतो, वैतागतो, प्रवासात डबी विसरतो, बायकोशी भांडून आठवडाभर गोळीवर रुसतो. तेव्हा त्याला कोणाला तरी विचारायचं असतं. ते तो सिस्टरना फोनवर लिहून विचारायचा.

अशी एकशे चाळीसेक माणसं त्यांच्या फोनमध्ये होती आणि एकाचंही खरं नाव त्यात नव्हतं. 'चष्मा' होता, 'दोन जिने' नावाची एक बाई होती, 'मोठी बहीण' होती. एक 'हॉर्न' होता. हा शाळेच्या बसचा चालक. तो बोलायला लागला की धुलाईघरातली माणसं डोकावून बघायची, म्हणून हॉर्न. आठ वर्षांपूर्वी पहिल्यांदा आला तेव्हा त्याला धरून आणावं लागलं होतं, इतकं शरीर पोखरलेलं होतं. नंतर गोळ्यांनी असा सावरला की सहा वर्षं त्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही सापडत नव्हता. त्याची बायकोही सिस्टरकडेच गोळ्या घेई. मुलगी मात्र निरोगी जन्मली होती. तिच्या तपासणीचा कागद हातात आला तेव्हा हॉर्न पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला होता.

नव्या ॲपवर यायला कोणीच राजी नव्हतं. सिस्टरनी एकेकाला समोर बसवून समजावलं. चष्म्याने तर सरळ विचारलं, हे कोण वाचणार? सिस्टरनी साहेबांचीच वाक्यं पुढे केली. कुलूप आहे, जबाबदार माणसं आहेत, गरज पडली तरच. शेवटी प्रत्येकाला एकच गोष्ट पटायची, आणि ती म्हणजे सिस्टरचा शब्द. मी सांगते, सुरक्षित आहे, असं त्या महिनाभरात किती वेळा म्हणाल्या असतील त्याला गणती नाही.

हॉर्नने फार घोळ घातला नाही. "तुम्ही सांगताय ना? मग झालं," म्हणाला आणि फोन टेबलावर ठेवून मोकळा झाला.

त्यानंतर आठ महिने सगळं सुरळीत चाललं. मग एका महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हॉर्न आला नाही. सिस्टरनी संदेश टाकला, उत्तर नाही. फोन केला, बंद. चौथ्या दिवशी त्या ड्यूटी संपवून गणवेशाऐवजी घरचे कपडे घालून त्याच्या घरी गेल्या. गणवेशातली नर्स दारात दिसली की शेजारी प्रश्न विचारतात.

त्याच्या बायकोने दार उघडलं, पण अर्धंच. आत या म्हणाली नाही. ती दारातच, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात सगळं बोलून गेली. दुसऱ्या कुठल्याशा शहरात एका शाळेच्या बसमधून मूल पळवलं गेलं होतं. त्यानंतर हुकूम निघाला की सगळ्या शाळांच्या बसचालकांची पार्श्वभूमी तपासा. सुरक्षा कक्षाने चालकांचे फोन नंबर घेतले आणि सरकारच्या हातात जेवढ्या म्हणून नोंदी होत्या, त्या सगळ्यांत ते शोधले. याचा नंबर आरोग्य खात्याच्या त्या ॲपमध्ये निघाला. मग तो काय लिहितो तेही वाचलं गेलं. शाळेला कागद आला नाही, फोन आला. या चालकाबाबत वैद्यकीय मुद्दा आहे, तुम्ही तुमच्या पातळीवर निर्णय घ्या. शाळेने दुपारच्या फेरीनंतर बसची चावी काढून घेतली. शिपायाने तर्क लढवून कारकुनाला सांगितलं, कारकुनाने आपल्या बायकोला सांगितलं, आणि आठवड्याच्या आत याच्या मुलीच्या बाकावर तिच्या शेजारी बसायला कोणी तयार होईना.

"ते कुठे आहेत?" सिस्टरनी विचारलं.

"गेले. काम बघतो म्हणाले. कुठल्या गावाला ते सांगितलं नाही."

"गोळ्या नेल्या का बरोबर?"

बायकोने पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. "तुमच्या गोळ्या? त्यांनी डबी कचऱ्यात टाकली. मी पण टाकली." मग ती म्हणाली, "सिस्टर, त्यांचा कोणावर विश्वास नव्हता. तुमच्यावर होता." आणि तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर सिस्टरना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज न देता सिस्टर खात्याच्या कार्यालयात जाऊन धडकल्या. त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. रस्ताभर त्यांनी काय काय बोलायचं ते मनात जुळवलं होतं, पण साहेबांनी त्यांना बसवलं, पंखा त्यांच्याकडे वळवला, आणि सगळं इतक्या शांतपणे ऐकून घेतलं की बोलणाऱ्यालाच आपण ओरडतोय याची लाज वाटावी. मग त्यांनी समजावलं. यात कोणी काहीही फोडलेलं नाही. सुरक्षा कक्षाला शोध घेण्याचा अधिकार आहे, तसा लेखी हुकूम आहे. त्यांनी आजाराचं नावही उच्चारलं नाही, फक्त मुद्दा आहे एवढं म्हटलं. शाळा खाजगी आहे, तिच्या निर्णयाशी खात्याचा संबंध नाही. ज्याने त्याने आपापलं काम नियमाने केलंय.

"त्या माणसाच्या रक्तात विषाणू सापडत नव्हता," सिस्टर म्हणाल्या. "आणि सापडत असता तरी बस चालवून हा आजार पसरत नाही. कोणालाही विचारा."

"मला माहीत आहे."

"मग त्यांना सांगा ना!"

"त्यांनी मला विचारलेलं नाही," साहेब म्हणाले. "आणि शेवटी प्रश्न लहान मुलांच्या सुरक्षेचा होता. त्याच्या विरोधात कोण बोलणार?"

सिस्टर बाहेर आल्या. चोर सापडला असता तर चोराला शिव्या घालता आल्या असत्या. इथे चोरच नव्हता. सगळे सज्जन, सगळे नियमाने चालणारे. आणि या सगळ्या सज्जनांच्या रांगेत पहिली उभी कोण, तर आपण. कुलूप त्यांनी बनवलं असेल, पण माणसांना हाताला धरून आत कोंडलं ते आपण.

त्या वर्षी एकशे चाळीसपैकी एकतीस माणसं यायची बंद झाली. कसं कळलं, कोणी सांगितलं, देव जाणे. अशा गोष्टी कळायला ॲप लागत नाही.

घरी सिस्टर फारसं बोलत नसत. त्यांचे यजमान टपालखात्यातून निवृत्त झाले होते. तीस वर्षं त्यांनी पत्रं वेगळी करण्याच्या टेबलावर काढली होती. बायको जेवता जेवता घास हातात धरून बसते हे त्यांनी दोन महिने पाहिलं आणि मग विचारलं. सिस्टरनी कोणाचंही नाव न घेता सगळं सांगितलं.

"आमच्या वेळीही पत्रं उघडायचे," ते म्हणाले. "हुकूम यायचा, मग एक माणूस केटली चढवायचा, वाफेवर पाकीट धरायचा. एका पत्राला दहा मिनिटं लागायची. त्यामुळे कोणाचं उघडायचं याचा विचार तरी करायला लागायचा. आता यांना केटलीसुद्धा चढवावी लागत नाही, अगं."

हॉर्न दहा महिन्यांनी परतला, तोही स्ट्रेचरवरून. कुठल्याशा गोदामात हमाली करत होता म्हणे. क्षयाने फुप्फुसं धरली होती आणि आता मेंदूपर्यंत पोचला होता. सिस्टरचा आणि वॉर्डाचा कामाचा संबंध नव्हता, तरी त्या रोज जेवणाच्या सुट्टीत त्याच्यापाशी जाऊन बसत. बहुतेक वेळ तो ग्लानीत असे. अकराव्या दिवशी त्याला चांगली शुद्ध आली. सिस्टरना वाटलं, आता हा विचारेल.

त्याने विचारलं नाही. आवाज पार गेला होता, कान तोंडाशी न्यावा लागत होता. "मुलीला नव्या शाळेत घातलंय," तो म्हणाला. "तिथे कोणाला माहीत नाही. माझं नाव कुठे येऊ देऊ नका. मेल्यावर पण."

"नाही येऊ देणार," सिस्टर म्हणाल्या.

"आता तरी," तो म्हणाला.

एवढे दोनच शब्द. एकोणिसाव्या दिवशी तो गेला. त्या दोन शब्दांवर सिस्टर किती दिवस कुढत होत्या ते त्यांचं त्यांना माहीत. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर त्यांनी खाली मान घालून ऐकल्या असत्या.

पुढच्याच महिन्यात वर्तमानपत्रात सूचना आली. खात्यापुरता असलेला नियम आता सगळ्यांना लागू करणारा कायदा येणार होता. कुठलंही ॲप असो, कुठलीही कंपनी असो, एक किल्ली सरकारजमा करायची. त्यावर समिती नागरिकांचं म्हणणं ऐकणार होती. प्रत्येकी पाच मिनिटं. सिस्टरनी अर्ज भरला. नोकरीत असताना असं करणं अंगाशी येईल, असं अधीक्षकांनी बजावलं. येऊ दे, असं सिस्टर म्हणाल्या.

सुनावणीचं सभागृह मोठं होतं आणि निम्मं रिकामं. समोर उंच टेबलामागे पाच माणसं, मधे अध्यक्ष. ते निवृत्त न्यायाधीश होते आणि माणूस वाईट नव्हता. प्रत्येकाचं ऐकताना वहीत लिहून घेत होते. आधी दोन प्राध्यापक झाले. एक म्हणाले की सज्जनांसाठी उघडणारं आणि दुर्जनांसाठी बंद राहणारं कुलूप अजून कोणी बनवलेलं नाही. दुसरे म्हणाले की ते बनवता येईल. सिस्टरना दोघांचंही अर्धंच कळलं.

मग एक शिवणकाम करणारी बाई बोलायला उठली. तिच्या बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा दिसत होत्या. तिच्या मुलीला फोनवरून एका माणसाने नादी लावलं होतं. दोन वर्षं तो काय लिहीत होता ते आईला कळलं नाही, पोलिसांना उघडता आलं नाही, आणि आता मुलगी घराबाहेर पडत नाही. "तुमचं ते खाजगीपण मला सांगू नका," ती म्हणाली. "माझ्या घरात तो खाजगीपणातनंच शिरला." सिस्टरना वाटलं, आपण आता काय बोलणार? आणि लगेच त्यांना दुसरा राग आला. या बाईच्या दुःखाच्या आडोशाला साहेबांसारखी माणसं किती आरामात बसली आहेत, याचा राग.

त्यांचा नंबर आला. गणवेश घालूनच त्या उभ्या राहिल्या. लिहून आणलेला कागद त्यांनी उघडलाच नाही.

"मी नर्स आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे येणारा माणूस दार लावून घेतो, मग बोलतो. दार लागत नसेल तर तो बोलत नाही, आणि बोलला नाही तर मरतो. एवढं साधं आहे. मला खात्याने सांगितलं, दार लागतं. मी माणसांना सांगितलं, दार लागतं. एका माणसाने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. त्याने काही गुन्हा केला नव्हता. त्याचा नंबर चालकांच्या यादीत होता, एवढंच. तुम्ही लोकांनी त्याचं वाचलंत. त्याची नोकरी गेली, त्याने औषध सोडलं आणि माझ्या डोळ्यांदेखत तो गेला. मुलं पळवणारा सापडला का यातून? एकही सापडला नाही. मी विचारून आले आहे."

समितीतल्या एका सदस्याने पाणी मागवलं. अध्यक्षांनी लेखणी खाली ठेवली.

"सिस्टर, तुम्ही सांगताय ते फार गंभीर आहे," ते म्हणाले. "हे खरं असेल तर आम्हाला त्याची दखल घ्यावीच लागेल. रुग्णाचं नाव आणि नोंद क्रमांक द्या."

सिस्टरनी हातातला न उघडलेला कागद गणवेशाच्या खिशात ठेवला.

"ते गोपनीय राहील. समितीबाहेर जाणार नाही."

"हे मी ऐकलंय आधी," सिस्टर म्हणाल्या.

मागे कोणीतरी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. ते जरा पुढे झुकले आणि अगदी मनापासून म्हणाले, "पुराव्याशिवाय मी काय लिहू? नाव दिलंत तर कदाचित हा कायदा थांबेल. नाही दिलंत तर ही नुसती गोष्ट राहील. विचार करा."

सिस्टरनी विचार केला. खोटं कशाला, त्यांनी खरंच केला. एक नाव. मेलेल्या माणसाचं. त्या नावावर किती जिवंत माणसं वाचतील! ते नाव जिभेवर आलंही. मग ते नाव लावणारी एक मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोर आली, नव्या शाळेतल्या बाकावर बसलेली, दोन्ही बाजूंना मैत्रिणी असलेली.

"नाही," त्या म्हणाल्या. "नाव नाही देणार."

अध्यक्षांनी लेखणी उचलली आणि नोंद घेणाऱ्या कारकुनाला सांगितलं, "साक्षीदाराचा माहिती देण्यास नकार. पुढचे कोण?"

बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या नळापाशी ती शिवणकाम करणारी बाई उभी होती. सिस्टर तोंडावर पाणी मारेपर्यंत ती थांबली. "तुम्ही नाव सांगायला हवं होतंत," ती म्हणाली. आवाजात भांडण नव्हतं. "मला पटत आलं होतं तुमचं. नाव सांगितलं असतंत तर पटलं असतं."

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?" सिस्टर म्हणाल्या.

बाईला आधी कळलं नाही. "कोणाचं?"

"मुलीचं."

बाईने पिशवीतून रुमाल काढला आणि सिस्टरच्या हातात दिला. दोघी जिन्यापर्यंत बरोबर गेल्या. जिन्याखाली एक डावीकडे वळली, दुसरी उजवीकडे.

कायदा तीन महिन्यांनी झाला. अहवालात सिस्टरचं म्हणणं एका ओळीत होतं आणि त्या ओळीला 'निराधार' असं विशेषण लावलं होतं. खात्याने त्यांना कारणे दाखवा नोटीस दिली. त्यांनी उत्तरात लिहिलं की कारण एकच आहे, मी शब्द दिला होता. हे उत्तर समाधानकारक नसल्याचं कळवण्यात आलं आणि त्यांची वेतनवाढ रोखली गेली. निवृत्तीला चार वर्षं होती. यजमानांनी राजीनामा दे म्हणून सुचवलं. सिस्टर संतापल्या. मी गेले तर त्या खोलीत ते दुसरी कोणीतरी आणून बसवतील, ती पुन्हा लोकांना सांगेल, सुरक्षित आहे, असं त्यांनी यजमानांना सुनावलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला कामावर गेल्या.

फोन त्यांनी टेबलाच्या खणात टाकला होता. त्यावरून खात्याला हवे तसे निरोप जात. उद्या दवाखाना सुरू आहे. हात धुवा. पाणी उकळून प्या. कोणीही वाचा.

त्या एकतीस जणांची घरं त्या एकेक करून पायी धुंडाळत होत्या. आठवड्याला दोन. कोणी दार उघडायचं, कोणी नाही. सात माणसं परत आली. हॉर्नच्या घरी त्या दोनदा गेल्या. दोन्ही वेळा आत माणूस असून दार उघडलं नाही. त्या दाराशी पाच मिनिटं उभ्या राहायच्या आणि परत फिरायच्या.

एका मंगळवारी दुपारी, औषध वाटप संपल्यावर, खोलीचं दार कोणीतरी आत ढकललं. हॉर्नची बायको होती. निम्म्याने वाळली होती. तिने आत येऊन दार लावलं, कडी घातली, आणि स्टुलावर न बसता उभीच राहिली.

सिस्टरनी तिचं वजन केलं, रक्त घेतलं, छातीला नळी लावून पाहिलं. मग कपाट उघडून एक गोळी काढली आणि पेल्यात पाणी ओतलं. बाईने हात पुढे केला, गोळी तळव्यावर घेऊन थोडा वेळ पाहिली आणि गिळून टाकली.

"मी तुम्हाला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"बरं," सिस्टर म्हणाल्या.

"मुलगी लहान आहे, म्हणून आले."

"बरं केलंत."

डबी पिशवीच्या तळाशी घालून तिने वर एक जुना टॉवेल दाबला. दाराशी जाऊन ती थांबली. "परत कधी?"

सिस्टर उठून तिच्याजवळ गेल्या आणि दिवस व वेळ अगदी हळू सांगितली. बाईने ती ओठांतल्या ओठांत दोनदा म्हणून पाठ केली. मग कडी काढली, व्हरांड्यात कोणी नाही ना ते पाहिलं आणि धुलाईघराच्या बाजूने, ओल्या चादरींच्या रांगांमधून निघून गेली.